ज्याला मी भर बाजारात शिव्या दिल्या

हा माणूस डॉक्टर होता, पण त्याची माझी पहिली गाठ पडली ती बैलबाजारात, आणि पहिल्याच भेटीत त्याने माझा ठरत आलेला सौदा मोडला.

नंदुरबारचा बाजार भरला होता. मी बैलांचा दलाल, एका गिऱ्हाइकाला बैल दाखवत होतो. बैल उंच, दिसायला देखणा, पण मानेला बारीक. वळूचा बैल करणं म्हणजे त्याला ठेचणं, खच्ची करणं. हे काम किती वयात झालं यावर बैलाची किंमत ठरते. मी छातीवर हात ठेवून सांगत होतो की हा चार दाती, म्हणजे तीन वर्षांचा झाल्यावर ठेचलेला आहे, अंगात जोर मुरलेला आहे, नांगराला मागे हटणार नाही. तेवढ्यात गर्दीतून एक किडकिडीत माणूस पुढे आला. डोक्यावर सोला हॅट, पाटलोण सुतळीने बांधलेली, बुटांना नाड्या नाहीत. त्याने खिशातून शिंप्याची टेप काढली आणि कोणाला न विचारता बैलाची मान मोजली, मग पुढचा पाय मोजला.

"हा दात येण्याआधीच ठेचलाय," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "पाय बघा किती लांब वाढलेत. लवकर ठेचला की हाडं वाढतच राहतात आणि मानेला मांस धरत नाही. चार दाती ठेचला असता तर वळूची मान थोडी तरी राहिली असती."

गिऱ्हाईक निघून गेलं. मी त्या माणसाचं मनगट धरलं. "ओ टोपीवाले, बैलमधलं तुले काय समजस? तुन्हा बाप दलाल व्हता का?"

"नाही, पोस्टमास्तर होता," तो म्हणाला. "पण मी बोललो ते बरोबर होतं ना?"

बरोबर होतं. राग आला तो त्याचाच.

मी माझ्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून उभं राहण्यापासून सुरुवात केली. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं माझ्या आक्काने, गवत कापून आणि विकून. पुढे तापीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत चाळीस गावांत माझ्या शब्दावर बैल विकले जाऊ लागले. मला कोणी शिकवलं नाही, कोणी पुढे ढकललं नाही. त्यामुळे मला कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, आणि राग आला की तो माझ्या पोटात राहत नाही. हा दोष मला ठाऊक आहे. त्याच दोषाची ही गोष्ट आहे.

डॉक्टर दर बाजारी येऊ लागला. टेप घेऊन फिरायचा, माना मोजायचा, वहीत लिहायचा. बाजारातले लोक म्हणायचे, "डाक्टर येडा शे, माणसं सोडीसन बैल तपासी ऱ्हायना." त्याचा दवाखाना स्टेशनच्या रस्त्याला होता. तिथला नियम असा की रोग्याबरोबर आलेल्या माणसाने बाहेर बसायचं. बाई असली आणि नवरा, सासरा बरोबर असला तरी तेही बाहेर. मोलकरणीला दाराशी बसवायचा, आणि जे विचारायचं ते बाईलाच विचारायचा. लोकांना हे फार लागायचं. फीमध्ये कोणी घासाघीस केली तर तो रागवत नसे, बाटलीतलं थोडं औषध मोरीत ओतायचा आणि म्हणायचा, "आता कमी झालं." मी स्वतः दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा त्याने ओतलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत त्याच्याकडे मुंबईहून सुरतेच्या गाडीने काचेच्या छोट्या कुप्या यायच्या. आत तेलात विरघळवलेलं औषध. त्याचं नाव तो सांगायचा, टेस्टोस्टेरॉन, पण ते माझ्या तोंडात बसत नसे. पुरुषाच्या अंगातला जो रस त्याला पुरुष करतो, तोच हा, असं त्याने मला समजावलं. म्हणूनच तो बैल मोजत होता: ज्याच्यातून तो रस काढून घेतला त्याचं काय होतं, हे आमच्या बाजारात जितकं दिसतं तितकं कुठल्याही कॉलेजात दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. मी लगेच त्या औषधाला 'वळूचं औषध' असं नाव ठेवलं. बाजार हसला, नाव चालू झालं. डॉक्टर मात्र हसला नाही.

"हे नाव वापरू नका," तो म्हणाला. "आता ते कारखान्यात करतात, वळूचा काही संबंध नाही. आणि उद्या हे औषध कोणाला घ्यावं लागेल ते तुम्हाला माहीत नाही."

मी वापरत राहिलो.

मोलगीच्या बाजूचा एक गडी होता, पंचविशीतला. दाढी नाही, मिशी नाही, आवाज बारीक, हातपाय मात्र लांबच लांब. लहानपणी त्याला मोठं दुखणं झालं होतं आणि अंगातला तो झरा उघडलाच नव्हता. बायको नांदायला तयार नव्हती. डॉक्टरने त्याला सुया सुरू केल्या. सहा-सात महिन्यांत गड्याला दाढी फुटली, खांदे भरले, आवाज जाड झाला. तो डोंगरातून पायी येऊन दवाखान्याच्या पायरीवर कोंबडा ठेवून जायचा. मी डॉक्टरला म्हणालो, हे चाळीस गावांत सांगतो, तुमच्या दारात रांग लागेल. त्याने मला थांबवलं. "त्याला मूल होणार नाही, हे मी त्याला सांगितलंय. आणि सुई थांबली की सगळं हळूहळू ओसरेल, हेही सांगितलंय. तुम्ही सांगाल तेव्हा एवढं सांगाल का?" मी सांगितलं नसतं, हे त्याने ओळखलं.

पुढच्या वर्षी तापीकाठच्या एका बागायतदाराने मला गाठलं. त्याच्या पदरी एक पैलवान होता, यात्रेच्या कुस्तीसाठी पोसलेला. "दलाल, त्या डाक्टरकडनं मन्हा गडीले ते वळूनं औषध देवाड. मंग तुन्ही दलाली मी दुप्पट देसू." मी दोघांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरने आम्हा दोघांना बाहेर बसवलं, पैलवानाला तपासलं, मग मला आत बोलावून माझ्यासमोर त्याला म्हणाला:

"तू धडधाकट आहेस. तुझ्या अंगात हा रस तयार होतोय. मी वरून घातला की अंगाला वाटेल आता आपलं काम संपलं. आतलं बनणं थांबेल. तुझ्या गोट्या आक्रसतील. कुस्ती मारशील एखादी, पण मग दलालाला विचार तुझी किंमत. न ठेचता ठेचलेला बैल."

पैलवान उठला तो मागच्या दाराने गेला. बागायतदार माझ्यावर उखडला. मी डॉक्टरशी घासाघीस केली: बारा नको, सहा सुया द्या, सहा नको, तीन द्या. मला वाटत होतं, त्याने नाही म्हटलं म्हणजे तो भाव वाढवतो आहे. आमच्या धंद्यात पहिला नकार हा नकार नसतोच. त्याने मला हाताने दाराबाहेर नेलं आणि म्हणाला, "दलाल, तुमचा एक घोटाळा आहे. तुम्हाला वाटतं दुसऱ्याच्या अंगाचा सौदा तिसरा माणूस करू शकतो. बैलाचा करता येतो."

हे वाक्य मला त्या वेळी उद्धट वाटलं. पुढच्या आठवड्यात आक्काचं दुखणं उघड झालं.

आक्का विधवा होती. मुलगा सुरतेच्या गिरणीत, ती सुनेबरोबर माझ्या भिंतीला भिंत लागून राहायची. छातीत गाठ आलेली तिने दीड वर्ष लपवली. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज. शस्त्रक्रिया झाली, पण तोवर उशीर झाला होता. दुखणं पाठीच्या हाडांत गेलं. ज्या बाईने डोक्यावर भारे वाहून मला मोठं केलं, ती बाजेवर कूस बदलताना दातांत पदर धरायची.

डॉक्टर आला. त्याने मला सांगितलं की बायकांच्या या रोगात त्याच कुप्यांतलं औषध विलायतेत देऊन पाहताहेत. रोग बरा होत नाही. पण कधीकधी हाडांचं दुखणं थांबतं, अन्न जातं, बाई काही महिने उठून चालते. मी म्हणालो, "मग सुरू करा, वाट कसली बघता?"

"त्याचं मोल द्यावं लागतं. आवाज पुरुषासारखा होईल, आणि औषध थांबवलं तरी तो परत येणार नाही. ओठावर, हनुवटीवर केस येतील. अंगावर सूज येऊ शकते. आणखी एक-दोन गोष्टी आहेत, त्या मी त्यांना सांगेन."

"येऊ द्या मिशा. न्हावी आणू."

"तुम्हाला नाही विचारलं."

तो आत गेला. घरात भाऊबंद जमले होते, कोणी उठायला तयार नाही. आपल्या घरातून बाहेर काढणारा हा कोण? डॉक्टरने बाजेजवळ बसून हलक्या आवाजात बराच वेळ आक्काला सगळं सांगितलं. मग विचारलं, "द्यायचं का?" आक्काने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ सांगी तसं."

त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तेव्हा त्याने माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल उपरण्याखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. शंभर माणसं भोवती उभी असली तरी सौदा दोघांनाच कळतो. डॉक्टरने हे बाजारात कितीतरी वेळा डोळे लावून पाहिलं होतं. त्याने उपरणं आक्काच्या हातावर पसरलं, आपला हात खाली घातला आणि म्हणाला, "पाचही बोटं दाबली तर द्यायचं. अंगठा दाबला तर नको. यांच्यापैकी कोणाला दिसणार नाही, आणि मी कोणाला सांगणार नाही. दर आठवड्याला विचारीन. दर आठवड्याला उत्तर बदललं तरी चालेल."

भाऊबंद हसले. आक्का हसली नाही. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने डॉक्टरने हात काढला, उपरणं घडी करून मला दिलं आणि सुई उकळायला ठेवली.

दीड महिन्यात आक्का उठून बसली. दोन महिन्यांत ती भिंत धरून माझ्या अंगणात आली आणि बाजरीची भाकरी मागून खाल्ली. तिचा आवाज आधी फाटला आणि मग खाली बसला, जाड, घोगरा. पहिल्यांदा पलीकडून तिने मला हाक मारली तेव्हा मी 'कोण आहे रे?' म्हणून ओरडलो. तिने ते हसण्यावारी नेलं. ओठावर लव आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, तुन्ही मिशी बारीक कर, नही ते लोक माले मोठा भाऊ समजतीन." गल्लीतल्या बायका दबक्या आवाजात 'वळूचं औषध' म्हणायच्या. ते नाव कोणी ठेवलं हे आक्काला ठाऊक होतं. तिने मला एका शब्दाने कधी विचारलं नाही.

चौथा महिना लागला. एका बाजारच्या दिवशी मी घरी आलो तर डॉक्टर आक्काच्या अंगणात उभा, उरलेल्या कुप्या पेटीत भरलेल्या.

"आजपासून बंद," तो म्हणाला.

"बंद म्हणजे? ती चालते आहे, जेवते आहे!"

"हो."

"तिने सांगितलं का?"

"मी बंद केलंय. दुखण्यावर दुसरं औषध देतो."

मी आत धावलो. आक्का बाजेवर भिंतीकडे तोंड करून होती. "आक्का, तू नको म्हणालीस?"

त्या नव्या, जाड आवाजात ती म्हणाली, "मी काय सांगू, भाऊ? त्यासनीच बंद करी दिन्हं."

मी बाहेर आलो आणि डॉक्टरची कॉलर धरली. त्याने माझा हात सोडवला नाही. त्याला आतला शब्द न् शब्द ऐकू गेला होता. पातळ कुडाची भिंत होती. मी त्याला ढकललं, त्याची पेटी पडली, दोन कुप्या फुटल्या आणि तेल मातीत गेलं. "पुन्हा या दारात पाय ठेवला तर तंगडी मोडीन," मी म्हणालो. तो वाकला, काचा वेचल्या, रुमालात बांधल्या आणि गेला.

आक्का त्यानंतर पाच आठवडे जगली. दहाव्याचा विधी झाला आणि मी बाजारात उभा राहिलो. माझा आवाज मोठा आहे, बाजारात माझ्या शब्दाला वजन होतं. मी सांगितलं की या डॉक्टरने माझ्या बहिणीला धड बाई राहू दिलं नाही, पुरुष केलं, ती बरी होऊ लागली तसं औषध बंद केलं, आणि मारली. दर बाजारी सांगितलं. चाळीस गावांत गेलं. कोणी डॉक्टरला विचारलं की तो म्हणायचा, "दलाल म्हणतात तर असेल." लोकांना तो कबुलीजबाब वाटला. वर्षभरात दवाखान्यात कुत्रं फिरकेना. मग त्याने दवाखाना गुंडाळला आणि मोलगीला गेला. तिथे त्याला ओळखणारा निदान एक माणूस होता, कोंबडा ठेवून जाणारा.

पुढे तीनेक वर्षं गेली. मी एकदा अंगणात बसून कोणालातरी तीच कथा सांगत होतो. आक्काची सून पलीकडे धान्य पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. ती माझ्यासमोर कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. पाहुणा गेल्यावर ती आली.

"मामा, त्या माणूसले शिव्या देऊ नका. सासूबाईनीच नको म्हनेल व्हतं."

मी तिला बसवलं. तिने सांगितलं. औषधाने आक्काच्या अंगात एक फरक पडला होता, जो तिला सोसवेना. आवाज नाही, मिशा नाहीत. ते तिने पचवलं होतं. हे दुसरंच होतं. डॉक्टरने पहिल्याच दिवशी त्याची कल्पना दिली होती. वीस वर्षं विधवापण नेकीने काढलेल्या बाईला ते आपल्या भावाला सांगता येणं शक्य नव्हतं. सुनेला सांगितलं तेही एकदाच, मान खाली घालून. त्या दिवशी तिने उपरण्याखाली अंगठा दाबला आणि डॉक्टरला तोंडाने एवढंच म्हणाली, भावाने जिवाचं रान करून औषध आणवलं, मी नको म्हटलं असं त्याला कळू देऊ नका, तो कारण विचारील आणि विचारतच राहील. कारण काय होतं ते सुनेने मला सांगितलं. मी इथे लिहिणार नाही.

आणि आणखी एक. त्या शेवटच्या पाच आठवड्यांत मी बाजाराला गेलो की डॉक्टर परसदारातून यायचा आणि दुखणं थांबवायची सुई देऊन जायचा. मला वाटत होतं आक्का सोसते आहे. ती सोसत नव्हती. तो येत होता.

मी अक्कलकुव्यापर्यंत गाडीने गेलो आणि तिथून डोंगर चढून मोलगीला. बाजाराचा दिवस होता. डॉक्टर एका झाडाखाली पेटीवर बसला होता, भोवती डोंगरातली माणसं उकिडवी. तो वाळला होता, हॅट तीच. मी समोर उभा राहिलो. जन्मात मी कोणापुढे हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले.

"मला कळलं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा कडक झाला. "कोणी सांगितलं?"

"सुनेने."

"आणखी कोणाला सांगितलं तिने? तुम्ही कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि पुढच्या रोग्याची नाडी हातात घेतली.

मी तिथेच उभा राहिलो. म्हणालो की येत्या बाजारी नंदुरबारला सगळ्यांसमोर उभा राहतो, सांगतो की डॉक्टरचा दोष नव्हता, मी खोटं बोललो. तुम्ही परत या. दवाखाना मी उभा करून देतो.

"सांगा. मग लोक विचारतील, औषधाने बाई उठून चालत होती तर तिने नको का म्हटलं. तुम्ही काय सांगाल?"

"गप्प बसेन."

"तुम्ही?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "दलाल, तुम्ही चार दिवस गप्प बसाल. पाचव्या दिवशी कोणीतरी भलतंसलतं बोलेल, तुम्हाला राग येईल, आणि तुम्ही तिची बाजू घ्यायला म्हणून खरं कारण ओरडून सांगाल. नाही सांगणार?"

तो बरोबर बोलत होता, आणि या खेपेलाही मला राग आला तो त्याचाच.

"मला इथे काम आहे," तो म्हणाला. "तुम्ही मला शिव्या देता तोवर लोक माझ्याबद्दल बोलतात, त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. तुमचा राग चालू ठेवा. त्या बाईला तेवढाच आडोसा आहे."

माझी त्या माणसाविरुद्ध तक्रार आहे, आजही आहे. आयुष्यात मी किती सौदे मोडले, किती जोडले, पण चुकलेला शब्द मागे घ्यायची संधी प्रत्येकाने मला दिली. त्याने दिली नाही. मी डोंगर उतरून आलो. पुढच्या बाजारी कोणीतरी विचारलं, "काय दलाल, तुन्हा डाक्टर मोलगीले बैल मोजस म्हणे?" सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी शिवी हासडली. लोक हसले आणि आपापल्या कामाला लागले.

असं कितीतरी वर्षं चाललं. पूर्वी ती शिवी आपोआप सुटायची. आता ती तोंडात आणून ठेवावी लागायची आणि आवाज चढवावा लागायचा. पण मी दलाल आहे; मनात नसलेलं पटेल असं बोलणं हा माझा धंदा आहे. कोणाला संशय आला नाही.

आता सूनही गेली. आक्काच्या घरचं तिथे कोणी उरलेलं नाही. म्हणून हे एवढं लिहिलं, आणि तेही कोणाचं नाव न घालता.

तो मोलगीलाच गेला, तापाने. ती बातमी बाजारात आली तेव्हा मी एका गोऱ्ह्याचे दात पाहत होतो. बातमी आणणाऱ्याने मुद्दाम माझ्याजवळ येऊन सांगितली. आजूबाजूचे दलाल थांबले. मेलेल्या माणसाला तरी हा सोडतो का, हे त्यांना पाहायचं होतं.

मी गोऱ्ह्याचं तोंड सोडलं, हात धोतराला पुसले, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने त्याला शिवी दिली.